तिसरा रकाना

इंग्रजी शब्द पाठ करायच्या वहीत बहुतेक ठिकाणी दोनच रकाने असतात. दोनशेपानी वही, पानाच्या मधोमध फूटपट्टीने मारलेली रेघ, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. फार तर शब्दाखाली पेन्सिलीने देवनागरीत लिहिलेला उच्चार. डावीकडे ‘रिलक्टंट’, उजवीकडे ‘नाखूश’. झालं, शब्द आला. ज्याला तो असा आला आहे त्याला वापरून दाखव म्हटलं, तर तो बिनधास्त लिहील, ‘माय मदर इज रिलक्टंट बिकॉज आय ब्रोक द कप.’ कप फुटला म्हणून आई नाखूश आहे. स्पेलिंग चोख, व्याकरण चोख, वहीतला अर्थही खोटा नाही. तरी हे इंग्रजी नव्हे. ‘रिलक्टंट’ माणूस कुणावर रागावलेला नसतो. त्याला काहीतरी करावं लागणार असतं आणि पाय निघत नसतो. म्हणून या शब्दापाठोपाठ बहुधा ‘टू’ येतो आणि ‘टू’मागून एखादं क्रियापद. मराठीत जायलाही नाखूश होता येतं आणि लेकावरही नाखूश होता येतं. इंग्रजी शब्दाने यातली एकच बाजू उचलली आहे, आणि दोन रकान्यांच्या वहीला हे कळायला काही मार्ग नाही. त्यासाठी उदाहरणाच्या वाक्याचा तिसरा रकाना लागतो. तो सहसा आखलेलाच नसतो, आणि आखला असला तरी कोरा असतो.

तो कोरा का राहतो, याचं उत्तर शाळेतच सापडतं. ‘वाक्यात उपयोग करा’ हा प्रश्न मराठीच्या पेपरात पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि त्याला बगल द्यायची युक्तीही तेवढीच जुनी. ‘कंबर कसणे’ अडलं की मूल लिहितं, ‘बाईंनी आम्हाला कंबर कसणे या वाक्प्रचाराचा अर्थ सांगितला.’ बाईंना हसू येतं, पण चूक काढता येत नाही. इंग्रजीत हीच पळवाट ‘ही इज अ’ या तीन शब्दांनी सुरू होते. ‘ही इज अ फिलँथ्रॉपिस्ट.’ शब्दावर अंगठा ठेवावा आणि वाक्य वाचावं. तो चोर असू शकतो, शिक्षक असू शकतो, गुजरातीही असू शकतो. अंगठा उचलेपर्यंत काही पत्ता लागत नाही. उलट निम्मा पगार दरमहा गावच्या शाळेला देऊन टाकणारा माणूस वाक्यात आला, की झाकलेला शब्द आपोआप ओठांवर येऊ लागतो. उदाहरण पारखायची याहून सोपी रीत नाही, आणि छापील गाइडांमधली निम्मीअधिक वाक्यं या अंगठ्यापुढे टिकत नाहीत.

मराठी माणसाला ही भानगड स्वतःच्या भाषेत कधी जाणवत नाही, कारण तो तिच्यात वाढलेला असतो. मराठी शिकणाऱ्या एखाद्या परक्या विद्यार्थ्याची वही डोळ्यांपुढे आणावी. डावीकडे ‘लागणे’. उजवीकडे तो काय लिहिणार? भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, वेळ लागतो, डोळा लागतो, दूध करपलं की तळाला लागतं, नातेवाईक एकमेकांचे कोणीतरी लागतात, आणि पोराच्या मनाला एखादी गोष्ट लागते. एवढ्या सगळ्यांना पुरेल असा एक शब्द इंग्रजीत नाही. त्या विद्यार्थ्याला अर्थ लिहून देणारा त्याला फसवतो, दहा वाक्यं सांगणारा वाटेला लावतो. ‘टेक’, ‘गेट’, ‘सेट’, ‘रन’ या इंग्रजी शब्दांपुढे मराठी पोराची अवस्था अशीच असते. फरक इतकाच, की ते आखूड शब्द सोपे म्हणून तो ओलांडून जातो आणि ‘फिलँथ्रॉपिस्ट’ पाठ करत बसतो.

पाठांतराचं काय होतं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून 1885 साली छापलं. त्यांनी मुद्दाम अर्थहीन अक्षरगट बनवले, त्यांच्या याद्या घोकल्या आणि किती काळाने किती उरतं ते मोजलं. तासाभरातच निम्म्याहून अधिक मेहनत वाया गेलेली असे. हा विसरण्याचा आलेख शिकवण्या घेणाऱ्यांच्या भाषणांत हमखास येतो. त्याच पुस्तकातली दुसरी गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही. एबिंगहाउस यांनी बायरनच्या ‘डॉन हुआन’ या काव्यातली कडवीही पाठ केली, आणि तेवढ्याच मजकुराला अर्थहीन अक्षरांच्या मानाने साधारण एक दशांश कष्ट पडले. अर्थ होता, यमक होतं, एका शब्दाने पुढच्याला हात दिलेला होता. दोन रकान्यांची वही अगदी अर्थहीन नसते हे खरं; पण तिच्यात ‘रिलक्टंट’च्या वर ‘रिलेव्हंट’ आणि खाली ‘रिलाय’ असतो आणि या तिघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसतो. कडव्यापेक्षा ती अक्षरगटांच्या यादीलाच जवळची.

हा तिसरा रकाना नीट कसा भरायचा, या प्रश्नावर गेल्या शतकात ज्यांनी आयुष्य घातलं त्यांतल्या दोघांची कामं इंग्लंडबाहेर, आशियात झाली. एकाचं गाव ढाका, दुसऱ्याचं टोकियो.

मायकेल वेस्ट 1912 मध्ये भारतीय शिक्षण सेवेत आले आणि ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात त्यांनी बरीच वर्षं काढली. त्यांच्यापुढे बंगाली शाळकरी मुलं होती. मुलं वर्षानुवर्षं इंग्रजी शिकत आणि बरीचशी मधेच शाळा सोडून जात. जाताना हाती काय लागे? बोलता येत नसे, लिहिता येत नसे, आणि वाचताही येत नसे. वेस्ट यांनी विचारलं, की मधेच शाळा सोडणाऱ्या मुलाला निदान वाचण्यापुरतं इंग्रजी पदरात का पडू नये? त्यांनी क्रमिक पुस्तकं उघडून पाहिली, तर शब्दांची गर्दी. पाचदहा शब्द गेले की नवा शब्द, आणि तो शब्दही कसा, तर ‘प्लाइट’, ‘आइल’, ‘नॉट’, ‘एअर’, ‘ग्रूम’. यातला ‘नॉट’ म्हणजे शून्य आणि ‘एअर’ म्हणजे ‘पूर्वी’ या अर्थाचा जुन्या कवितांतला शब्द, हवा नव्हे. ढाक्याच्या मुलाला या शब्दांची गरज कधी पडणार होती? वेस्ट यांनी ते काढून त्यांच्या जागी रोजच्या वापरातले शब्द घातले आणि साधारण चाळीस-पन्नास शब्दांमागे एकच नवा शब्द येईल अशा बेताने वाचनमाला लिहिल्या. नवा शब्द आला की पुढच्या पानांवर तो परत परत भेटेल याची काळजी घेतली. 1926 साली निघालेल्या त्यांच्या द्वैभाषिकतेवरच्या ग्रंथाच्या नावातच बंगाल आहे.

पुढे 1935 मध्ये वेस्ट यांनी जे. जी. एंडिकॉट यांच्यासह एक शब्दकोश काढला, आणि त्यात एक साधी, जाचक अट स्वतःवर घालून घेतली: सगळ्या शब्दांचे अर्थ फक्त 1,490 शब्दांत सांगायचे. अट का, तर इंग्रजी कोशात शब्द पाहायला गेलेला विद्यार्थी बहुतेकदा अर्थातल्याच एखाद्या शब्दाला अडतो, मग तो शब्द पाहतो, तिथे तिसरा भेटतो, आणि शेवटी कोश मिटून ठेवतो. हे ज्याने केलं नाही असा मराठी माध्यमातला विद्यार्थी विरळा. आज परदेशी विद्यार्थ्यांसाठी निघणाऱ्या इंग्रजी कोशांच्या शेवटी दोन-तीन हजार मोजक्या शब्दांची यादी दिसते आणि अर्थ एवढ्याच शब्दांत दिले आहेत असं सांगितलेलं असतं, त्या रिवाजाचं मूळ वेस्ट यांच्या या अटीत आहे. ते स्वतः 1953 साली दोन हजार शब्दांची यादी काढून मोकळे झाले. त्या यादीत एकेका शब्दाचा कुठला अर्थ किती टक्के वेळा येतो, हेही मोजून दिलेलं होतं. कोणता शब्द शिकवायचा यापलीकडे जाऊन त्याचा कोणता अर्थ आधी शिकवायचा, हा प्रश्न तिथे आकड्यांनी सोडवायचा प्रयत्न होता. मराठीतल्या शब्दार्थांच्या याद्यांनी हा प्रश्न अजून पुरता विचारलेला नाही.

टोकियोची गोष्ट थोडी वेगळी. हॅरल्ड पामर 1922 मध्ये जपानच्या शिक्षण खात्याचे भाषा-सल्लागार म्हणून तिथे गेले आणि पुढच्या वर्षी त्यांच्या पुढाकाराने इंग्रजी अध्यापनाची संशोधन संस्था सुरू झाली. ए. एस. हॉर्नबी 1924 मध्ये ओइता या गावी इंग्रजी साहित्य शिकवायला गेले होते. तिथे त्यांच्या लक्षात आलं, की विद्यार्थ्यांना शेक्सपिअर समजावून काही होणार नाही, त्यांचं वाक्यच बसत नाही. ते पामर यांच्या कामात ओढले गेले. कोणता शब्द कोणत्या शब्दाबरोबर बसतो याची संस्थेने मोठी जमवाजमव केली, तिचा अहवाल 1933 साली निघाला. कडक चहाला इंग्रजीत ‘स्ट्राँग’ म्हणतात, ‘पॉवरफुल’ म्हणत नाहीत. दमदार मोटारीला ‘पॉवरफुल’ चालतं. यामागे तर्क नाही. मराठीत पाऊस ‘पडतो’ आणि थंडीही ‘पडते’, वारा मात्र ‘सुटतो’, यामागे तरी कुठला आहे? ज्याला तर्क नाही ते नियमाने शिकवता येत नाही, फक्त दाखवता येतं.

हॉर्नबी यांनी ई. व्ही. गेटन्बी आणि एच. वेकफील्ड यांना बरोबर घेऊन जो कोश केला तो या दाखवण्यासाठीच. 1941च्या डिसेंबरात जपान युद्धात उतरलं आणि तिथले ब्रिटिश शत्रुपक्षाचे नागरिक ठरले. हॉर्नबींना स्थानबद्ध करून नंतर मायदेशी पाठवण्यात आलं. कोश मात्र 1942 मध्ये टोकियोच्या काइताकुशा या प्रकाशनाने छापला. शत्रूच्या भाषेचा शत्रूनेच केलेला कोश, ऐन युद्धात! युद्ध संपल्यावर ऑक्सफर्डने जपानमध्ये छापलेल्या त्याच पानांची छायाचित्रं घेऊन 1948 साली तो इंग्लंडात काढला. आज जगभर ‘ऑक्सफर्ड अॅडव्हान्स्ड लर्नर्स’ म्हणून ओळखला जाणारा आणि पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात कुठल्याही दुकानी मिळणारा कोश तो हाच, आवृत्त्यांमागून आवृत्त्या होत आलेला.

त्यातली एखादी नोंद सावकाश वाचावी. ‘सजेस्ट’ हा शब्द घ्या. अर्थ अवघड नाही, ‘सुचवणे’. वहीतही तोच असतो. मराठीत ‘त्याने मला जायला सुचवलं’ हे सरळ वाक्य आहे, म्हणून मराठी माणूस ‘ही सजेस्टेड मी टू गो’ म्हणून मोकळा होतो. इंग्रजीत हे चालत नाही. तिथे ‘सजेस्टेड’नंतर ‘दॅट’ घालून पुढचं वाक्य जोडावं लागतं किंवा ‘गोइंग’सारखं रूप घ्यावं लागतं. पण ‘अॅडव्हाइज’ या सख्ख्या शेजाऱ्याला ‘मी टू गो’ अगदी पसंत. हॉर्नबींनी क्रियापदांच्या अशा वागण्याचे पंचवीस साचे पाडले आणि कुठलं क्रियापद कोणत्या साच्यात बसतं ते नोंदीतच दाखवलं. नामांचंही तसंच. कोणतं नाम मोजता येतं आणि कोणतं नाही, याची खूण त्यांनी नामापुढे केली. ‘फर्निचर’, ‘अॅडव्हाइस’, ‘इन्फर्मेशन’ यांना इंग्रजीत अनेकवचन नसतं हे आपल्याकडच्या सरकारी पत्रांना अजून पटलेलं नाही, हा भाग निराळा. सांगायचं ते हे, की साचा आणि खूण यांकडे विद्यार्थी ढुंकूनही पाहत नाहीत. त्यांच्यापुढे तिरक्या अक्षरांत छापलेल्या छोट्या वाक्यात मात्र ते दोन्ही गुपचूप बसलेले असतात. वाक्य दोनदा वाचलं की साचा अंगात भिनतो, आणि त्याचं नाव माहीत असायची गरज पडत नाही.

महाराष्ट्रात हे काम वेगळ्या अंगाने तर्खडकर भाषांतर पाठमालेने केलं. जुन्या पिढीतल्या कित्येकांचं इंग्रजी त्या मालेवर पोसलेलं. थोडे शब्द, थोडा नियम, आणि मग भाषांतरासाठी वाक्यांवर वाक्यं, इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत. वाक्यं आज वाचली तर काहीशी सोवळी वाटतात, पण पद्धतीत एक शहाणपण होतं: शब्दाला वाक्याबाहेर फार वेळ उभं राहू दिलेलं नव्हतं. त्यामानाने नंतरची गाइडं आणि ‘रोज दहा शब्द’वाली पुस्तकं ही पीछेहाटच. राज्यात 2000 सालापासून, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, इंग्रजी पहिलीपासून आलं. त्याआधी ते पाचवीत सुरू होई. मग सेमी-इंग्रजी रुजलं आणि गणित-विज्ञान इंग्रजीत गेलं. परिणामी आज सातवीतल्या मुलाला ‘फोटोसिंथेसिस’ व्यवस्थित माहीत असतं, पण ‘मला यायला जमणार नाही’ हे इंग्रजीत म्हणायची पाळी आली की ते गप्प होतं.

रचलेल्या वाक्यांना एक खोड असते, ती म्हणजे त्यांत कोणी राहत नाही. रुमानियात जन्मलेले फ्रेंच लेखक युजीन आयोनेस्को 1948च्या सुमारास इंग्रजी शिकायला बसले. ‘असिमिल’चं स्वयंशिक्षक पुस्तक घेतलं आणि त्यातली वाक्यं इमानेइतबारे वहीत उतरवून काढू लागले. त्यांना इंग्रजी आलं नाही. पण आठवड्याचे दिवस सात असतात आणि छत वर असून जमीन खाली असते, अशी काही विलक्षण सत्यं हाती लागली. पुस्तकातली मिसेस स्मिथ आपल्या नवऱ्याला, त्याला पूर्वीपासून माहीत असलेल्या गोष्टी सांगत होती: आपल्याला मुलं किती, आपण राहतो कुठे. या वाक्यांतून आयोनेस्को यांचं पहिलं नाटक उभं राहिलं. मे 1950 मध्ये पॅरिसला त्याचा पहिला प्रयोग झाला, आणि असंगत नाट्याच्या इतिहासाची सुरुवात अनेक जण इथून धरतात. ‘द बाल्ड सोप्रानो’ या नावाने ते इंग्रजीत गेलं. पॅरिसच्या एका छोट्या नाट्यगृहात ते 1957 पासून आजतागायत चालू आहे. उदाहरणाच्या वाक्यांनी केलेली ही सर्वांत मोठी कामगिरी म्हणायची. फक्त ज्यासाठी ती लिहिली गेली ते काम सोडून.

या खोडीवर बर्मिंगहॅम विद्यापीठात इलाज सुरू झाला. जॉन सिंक्लेअर आणि कॉलिन्स प्रकाशन यांनी 1980 मध्ये एक प्रकल्प हाती घेतला: पुस्तकं, वर्तमानपत्रं, रेडिओवरची बोलणी असा खराखुरा मजकूर संगणकात भरायचा आणि कोश त्यातून काढायचा. मुख्य साठाच 73 लाख शब्दांचा होता, आणि त्या काळच्या यंत्रांना तो पेलवणं ही कसरत होती. 1987 मध्ये ‘कोबिल्ड’ कोश निघाला. त्यातली उदाहरणं रचलेली नव्हती, सापडलेली होती. अर्थही तुकड्यांत न देता पूर्ण वाक्यांत दिले होते, म्हणजे वर्गात शिक्षक ‘समजा तुम्ही अमुक केलंत, तर’ असं म्हणून समजावतात त्या धाटणीचे.

त्या साठ्यातून एक शब्द मागवला की पडद्यावर ओळींची थप्पी येई. प्रत्येक ओळीच्या मधोमध तोच शब्द, डावी-उजवीकडे तुटलेल्या वाक्यांचे तुकडे. अशा ओळी वरून खाली वाचत गेलं की जे कोणत्याही कोशकाराला घरी बसून सुचलं नसतं ते दिसू लागे. सिंक्लेअर यांचं गाजलेलं उदाहरण ‘सेट इन’चं. कोशात त्याचा अर्थ ‘सुरू होणे आणि टिकणे’ अशा धर्तीचा. पण सुरू काय होतं? ओळींमध्ये डावीकडे होते कुजणं, ऱ्हास, निराशा, संसर्ग, कटुता, मंदी. चांगलं असं काही ‘सेट इन’ होतच नव्हतं. हे कुठल्याही अर्थात लिहिलेलं नव्हतं. इंग्रज माणूस ते आयुष्यभर नकळत पाळत होता. पुढे मायकेल स्टब्स यांनी ‘कॉझ’ या निरुपद्रवी दिसणाऱ्या क्रियापदाची अशीच तपासणी केली. त्याच्या मागेपुढे नुकसान, मृत्यू, चिंता, कटकटी हेच जास्त. मराठीतल्या ‘कारणीभूत’लाही तोच वास आहे. अपघाताला माणूस सहज कारणीभूत होतो, लग्न जमायला कारणीभूत झाला म्हटलं की लग्न फसलं असावं अशी शंका येते.

गंमत अशी, की आपल्या देशात ‘सेट इन’चा सर्वांत ठळक कर्ता मान्सून आहे. केरळात मान्सून ‘सेट इन’ झाल्याचं हवामान खातं दरसाल जाहीर करतं आणि त्या बातमीची वाट शेतकऱ्यापासून शेअरबाजारापर्यंत सगळे पाहत असतात. बर्मिंगहॅमच्या साठ्यात भारतीय वर्तमानपत्रं भरपूर असती, तर त्या थप्पीत मळभाबरोबर थोडा मृद्‌गंधही आला असता. सापडलेली वाक्यं खरी असतात, पण ती कुठे शोधली यावरही बरंच ठरतं.

आणि सापडलेलं वाक्य नेहमीच कामाचं असतं असंही नाही. त्यात ‘तो’ कोण, ‘ते’ काय, कुणाचा काय संदर्भ, काही कळत नाही. नव्या शब्दाशेजारी आणखी दोन अवघड शब्द टपून बसलेले असतात. सिंक्लेअर यांच्या हट्टावर हॉर्नबीपंथीयांची हीच तक्रार होती, आणि ती रास्त होती. नवशिक्याला वाक्य खरं असण्यापेक्षा स्वच्छ असणं जास्त उपयोगाचं. जरा पुढे गेलेल्याला उलट. 2008 मध्ये अॅडम किलगॅरिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकालाच चांगली उदाहरणं निवडायला शिकवलं. वाक्य फार लांब नको, फार आखूड नको, दुर्मीळ शब्द नकोत, मागचा संदर्भ मागणारी सर्वनामं नकोत. म्हणजे यंत्राने कोट्यवधी खऱ्या वाक्यांतून अशी वाक्यं वेचायची, जी हॉर्नबींनी टेबलाशी बसून रचली असती.

यंत्राने वेचो की माणसाने, वाक्यात समाज शिरतोच. 2016च्या जानेवारीत कॅनडातल्या एका मानववंशशास्त्रज्ञाने ऑक्सफर्डच्या एका कोशात ‘रॅबिड’ या शब्दापुढचं उदाहरण दाखवलं. पिसाळलेलं, आंधळं कडवेपण सांगायला तिथे स्त्रीवादी बाई घेतली होती. त्याने मग ‘श्रिल’, ‘नॅगिंग’ हे शब्द उघडले, तर कर्कश आणि किरकिर करणाऱ्याही बायकाच. ऑक्सफर्डच्या समाजमाध्यमांवरच्या खात्याने आधी थट्टेवारी नेलं, मग माफी मागून उदाहरण तपासायला घेतलं. अर्थ निर्दोष होता. सगळा घोळ तिसऱ्या रकान्यातला. आपल्या जुन्या क्रमिक पुस्तकांत आई कायम स्वयंपाकघरात आणि बाबा कायम वर्तमानपत्रात, तो याच जातीचा.

इकडे सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांची मुलं इंग्रजी वर्तमानपत्राच्या अग्रलेखातले शब्द हायलायटरने रंगवतात आणि रात्री वहीत उतरवतात. रोज दहा. हिशेब मोहक आहे: वर्षाला 3,650. भाषाभ्यासक पॉल नेशन यांच्या 2006च्या मोजणीनुसार, कादंबरी किंवा वर्तमानपत्र फारसं न अडखळता वाचायला इंग्रजीतली आठ-नऊ हजार शब्दकुळं माहीत असावी लागतात. म्हणजे अडीच वर्षांत काम तमाम! प्रत्यक्षात महिनाअखेर पहिल्या पानावरचे शब्द अनोळखी झालेले असतात. तरीही नॉर्मन लुइस यांचं 1949 सालचं ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ फुटपाथवर सर्वांत वर ठेवलेलं असतंच, आणि पस्तीस वर्षांपूर्वी अमेरिकेला निघालेल्या इंजिनिअरांनी जीआरईसाठी साडेतीन हजार शब्दांच्या याद्या फोडल्या होत्या त्याही अजून विकल्या जातात. खुद्द जीआरईने 2011 मध्ये विरुद्धार्थी शब्द आणि शब्दजोड्यांचे प्रश्न काढून टाकले आणि त्यांच्या जागी गाळलेल्या जागांची वाक्यं आणि परिच्छेद आणले. परीक्षा तिसऱ्या रकान्यात जाऊन बसली, वह्या अजून दुसऱ्यातच आहेत.

हायलायटरच्या रंगाखालचं अख्खं वाक्य वहीत उतरवलं, तर निम्मं काम तिथेच होतं. उरलेलं निम्मं म्हणजे त्या वाक्याच्या साच्यात आपल्याकडचा मजकूर ओतणं. समजा शब्द ‘अफोर्ड’ आहे. वहीत त्यापुढे ‘परवडणे’ आणि विद्यार्थ्याच्या डोक्यात पैसे. अग्रलेखात मात्र कुठलंसं सरकार उशीर ‘अफोर्ड’ करू शकत नसतं. त्याच्या आधी ‘कॅनॉट’ असतं, आणि ओळींची थप्पी काढली तर बहुतेक जागी ‘कॅन’ किंवा ‘कॅनॉट’च सापडेल. मग तो लिहितो, ‘वी कुड नॉट अफोर्ड मिस द लास्ट एसटी.’ मॅडम लाल पेनाने मधे ‘टू’ घालतात. ‘एसटी’खालीही पेन घुटमळतं, कारण परीक्षकाला ‘बस’ बरं वाटेल. पण मुक्कामाची शेवटची गाडी चुकली की स्टँडवर रात्र काढावी लागते हे ‘बस’मध्ये येत नाही. ‘टू’ घातलेलं वाक्य एसटीसकट वहीत राहतं, आणि त्याखाली पुढचा शब्द येतो, ‘अफोर्डेबल’, ज्याला ‘कॅनॉट’ नको, ‘टू’ही नको, आणि ज्याच्या पुढे हल्ली पुण्याच्या जाहिरातींत नेहमी फ्लॅट असतो.